रिकाम्या घराची शेगडी

वलवणच्या कस्तुराबाईचं काम ऐकून लोक आधी हसत आणि मग तिची कीव करत. लोणावळ्यात मुंबईच्या एका शेठचा बंगला होता. लढाई सुरू झाल्यापासून तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. पण ओलीनं सामान कुजू नये म्हणून पावसाळाभर रोज प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी फिरवायची, असा शेठचा हुकूम. हुकूम देऊन शेठ विसरले आणि कस्तुराबाई शेगडी फिरवत राहिली. बारा माणसांच्या सागवानी टेबलाखाली तिला शेगडी सगळ्यात जास्त वेळ ठेवावी लागे. त्या टेबलाशी कुणी जेवायला बसलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

घरी येईतो अंगात त्राण उरत नसे. दम्यानं अंथरुणाला खिळलेला नवरा, नथू, गळक्या छपराखाली तिची वाट बघत असायचा.

"आलीस व्हय खुर्च्या शेकून? मला कवा शेकनार?"

"कोळसा शेठचा हाय. घरी कसा आनू?"

एकदा तिनं बंगल्याची देखरेख करणाऱ्या मुकादमाच्या विनवण्या केल्या, पावसापुरतं नथूला बंगल्यात निजू द्या म्हणून. "शेठ अचानक आले तर?" मुकादम म्हणाला. शेठ कसले येतायत! तिला चीड आली, रडू आलं, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच खोल्यांतून शेगडी घेऊन हिंडली.

आषाढात नथू गेला. पाऊस आठवडाभर उघडला नव्हता. माणसं तिरडी घेऊन गेली आणि थोड्या वेळानं दीर गेणू चिंब भिजून परत आला.

"वयनी, सरण पेटत न्हाई. लाकूड समदं वलं. रॉकेल कुटं मिळंना. वर पत्रं धरून मानसं दमली."

भिंतीला टेकलेल्या कस्तुराबाईनं कमरेची बंगल्याची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"कुऱ्हाड घ्या. मोठ्या खोलीतलं टेबल फोडा."

"आन् शेठ?"

"जाईल काम. जाऊ दे."

टेबल पहिल्याच घावाला तडकलं. आत ओलीचा लवलेश नव्हता.

धरणाच्या पाण्यापलीकडं, मसणवट्यात, आधी धूर दिसला, मग जाळ. कस्तुराबाई दारात उभी होती. एवढे पावसाळे आपण फुकट राबलो, असंच ती धरून चालली होती.

"घ्या, शेकलं तुमास्नी," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.