मग कळवू

गजाला नोकरी लागत नव्हती याचं दुःख गजापेक्षा त्याच्या बहिणीला जास्त होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. सुंदरा त्याच्याहून मोठी. तिला बघायला पाहुणे यायचे, पोहे खायचे, "पोरगी चांगली हाय" म्हणायचे आणि मग हळूच विचारायचे, "पोरीचा भाऊ काय करतो?" भिवाजी, म्हणजे या दोघांचा बाप, घसा खाकरून म्हणायचा, "करल आता कायतरी." पाहुणे माना डोलवायचे, "घरी गेल्यावर कळवतो" म्हणून उठायचे आणि पोशीर गावाची वेस ओलांडली की कळवायचं विसरून जायचे. बिनकामाचा भाऊ उद्या बहिणीच्या दारात येऊन बसेल, ही लोकांना भीती. गजाकडे बघून ती खोटी होती असंही म्हणवत नाही.

गजा अकरावी पास होता. दोन ठिकाणी मुलाखतीला जाऊनही आला होता. पहिल्या ठिकाणी साहेबानं नाव विचारलं, तर यानं घाबरून बापाचं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी बापाचं विचारलं, तर स्वतःचं. दोन्हीकडे म्हणाले, "कळवू." त्यामुळे 'कळवू' म्हणजे काय हे त्या घरात कुणी कुणाला समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

अशात नागूमामानं खालापूरकडचं स्थळ आणलं. मुलगा चांगो, घरची भातशेती, वर स्वतःचा टेंपो. "पन त्यांचं म्हननं एकच," मामा म्हणाला, "पोरीचा भाऊ आदी कामाला लागू दे, मंग आमी बघायला येतो. दसऱ्यापरत थांबतील, पुडं नाय." सुंदरानं आतून सगळं ऐकलं. त्या दिवशीची भाकरी तिनं अशी काही थापली की शेजारच्यांना वाटलं, भिवाजीकडे धुणं चाललंय.

आणि देवाला काळजी, त्याच आठवड्यात खोपोलीजवळच्या शिळफाट्याच्या पुढच्या एका कारखान्यातून गजाला बोलावणं आलं. स्टोअरमध्ये क्लार्क पाहिजे होता. पण तिथं मुंबईहून नवा साहेब आलेला, कुठं काय शिकून आलेला कोण जाणे. आधी सगळ्या उमेदवारांचं ग्रुप डिस्कशन, म्हणजे गटचर्चा, आणि मग एकेकाची मुलाखत, असं त्यानं ठरवलं होतं. गटचर्चा म्हणजे काय हे पोशीरमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून सगळ्यांनीच सल्ला दिला.

"अरं, गटचर्चा म्हनजे गावकी," गोमाआजा म्हणाला. गोमाआजाचा उभा जन्म गावकीच्या बैठकीत गेलेला. "धा मानसं बसवायची आनी एक इषय टाकायचा. त्यात काय येवडं? मी तयार करतो तुला."

मग रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळात गजाची तयारी सुरू झाली. गोमाआजानं त्याला गावकीचं सगळं गुपित सांगून टाकलं. आरडाओरडा करणारा कच्चा. पक्का गडी आधी गप बसतो. सगळ्यांचा दम संपत आला की एकदाच बोलतो. आणि कुणी मध्येच तोंड घातलं की तो उठतो, टॉवेल खांद्यावर टाकतो, "करा मंग तुमचं तुमी, मी चाललो" म्हणतो आणि सरळ चपलांपर्यंत जातो.

"आनी मंग?" गजानं विचारलं.

"मंग काय! दोघं उठतात, हाताला धरून आनतात. मान्सं म्हनतात, 'अरं बस रं, असं काय करतोस.' एकदा का हाताला धरून आनला का मंग त्याचाच शब्द चालतो. फकस्त चपला घालायला येळ लावायचा. गडबड केलीस तर घरी पोचशील." हे आजानं दोनदा बजावलं.

गावकीची तयारी अशी झाली. राहिली मुलाखत. ती सुंदरानं अंगावर घेतली.

"तुला काय ठाऊक मुलाखतीतलं?" गजा म्हणाला.

"मला?" सुंदरा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "या वटीवर किती येळा बसलेय मी पाटावर, मोज. आनी तू मला इचारतोस? बस तितं!"

गजा बसला. सुंदराआक्काचा आवाज चढला की आपला बाप मुकाट्यानं बसायचा, तिथं गजाची काय कथा.

"उंबऱ्यातनं उजवा पाय आदी. मान खाली, पन येवडीबी नाय का नाव इचारलं तर आपल्याच अंगठ्याला सांगशील. इचारलं तेवडंच बोलायचं. काय येतं म्हनलं तर म्हनायचं, सगळं येतं, आनी नाय येत ते शिकून घेईन. चा-पोहे आले तर आदी मोठ्या मान्साला. जाताना सगळ्यांच्या पाया पडायचं, कोनाला चुकवायचं नाय. चुकवलेलीच आत्याबाई निगते आनी घात करते."

"आक्का, साहेबाच्या पाया?"

"नोकरी पायजे का नको?"

झालं! मग गजा दारातून आत यायचा, ओटीभर चालून दाखवायचा. लंगडत नाही हे कळायला हे लागतंच, असं सुंदराचं म्हणणं. मग दोघांची आई येसूबाई साहेब होऊन पाटावर बसायची आणि हसून हसून पदराआड जायची. शेवटी सुंदराच तिला उठवून साहेब व्हायची आणि गजाकडे असं रोखून बघायची की त्याला खरोखर घाम फुटायचा.

ठरल्या दिवशी गजा कर्जतला गाडी बदलून खोपोलीला उतरला आणि चालत कारखान्यावर पोचला. खांद्यावर नवा टॉवेल होता. चर्चेला बसलेल्या पोरांत इस्त्रीच्या कपड्यातली शहरी पोरं होती, आणि दोघं आजूबाजूच्या गावांतली, गजासारखीच तेल लावून आलेली. साहेबानं विषय टाकला, 'कारखाना मोठा की शेती?' शहरी पोरं जी सुटली ती थांबेचनात. गजा गप. दम संपत आल्यासारखं वाटलं तेव्हा त्यानं तोंड उघडलं, "माजं म्हननं असं का..." एवढ्यात एका चष्मेवाल्यानं त्याचं बोलणं तोडलं.

गजाला आनंद झाला. अगदी गोमाआजानं सांगितलं तसंच घडत होतं की! तो उठला, टॉवेल झटकून पुन्हा खांद्यावर टाकला, "करा मंग तुमचं तुमी, मी चाललो," म्हणाला आणि साहेबाच्या देखत दाराबाहेर गेला.

बाहेर व्हरांड्यात तो वाकून चपलेचा पट्टा लावू लागला. लावला, सोडला, पुन्हा लावला. कोणी येईना. शिपायानं विचारलं, "तुटली का चप्पल?" गजा म्हणाला, "नाय, येळ लावतोय." शिपाई त्याच्याकडे बघतच राहिला. मग मात्र गजाच्या ध्यानात आलं. हे पोशीर नव्हे! इथं हाताला धरायला कोण येणार? आता घरी जाऊन काय सांगायचं, रुसून आलो? खालापूरचं स्थळ गेलं, आणि तेही आपल्या पायानं चालत बाहेर आल्यामुळे. आक्काचं तोंड डोळ्यासमोर आलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इकडे आत काय झालं, तर तेल लावलेली ती दोन गावाकडची पोरं अस्वस्थ झाली. माणूस चपलेपर्यंत गेला आणि कुणीच उठलं नाही, असलं बेशिस्त काम त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. दोघं एकदम उठली, बाहेर आली, गजाचा एकेक हात धरला. "अरं बस रं, असं काय करतोस? लान पोरासारकं?" गजाच्या डोळ्यांत पाणीच आलं. दोघांनी त्याला आणून खुर्चीत बसवलं आणि बाकीच्यांना दम भरला, "आता त्याचं ऐकून घ्या." इस्त्रीवाले आपले गुमान बसले. गजा म्हणाला, "दोनी पायजेत. पन भाताच्या लावनीला कारखान्यानं रजा द्यायला पायजे." आणि थांबला. एवढंच त्याचं भाषण. साहेबानं मात्र कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. त्याच्या पुस्तकात हे कुठंच नसणार.

मुलाखतीला गजा उजवा पाय टाकून आत गेला आणि कुणी न सांगता खोलीभर चालून दाखवलं. तिघं साहेब बघत राहिले. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. गजानं त्याच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि आधी सगळ्यात म्हाताऱ्या साहेबाला कप दिला.

"काय काय येतं तुम्हाला?" नव्या साहेबानं हसू दाबत विचारलं.

"सगळं येतं. नाय येत ते शिकून घेईन."

"पण टिकाल ना इथं? पोरं येतात, सोडून जातात."

"एकदा तुमच्या घरात आलो का जल्माचा आलो," गजा मान खाली घालून म्हणाला. म्हाताऱ्या साहेबाला चहाचा ठसका लागला.

"बरं. तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

गजा थबकला. हे आक्कानं शिकवलंच नव्हतं! असं कसं विसरली? मग त्यानं मनात आक्कालाच पाटावर बसवलं, आणि ती काय विचारील ते विचारून टाकलं.

"माज्या आदी या जागेवर कोन होता? आनी तो का गेला?"

तिघं साहेब एकमेकांकडे बघू लागले. म्हातारा हळूच म्हणाला, "लावणीला रजा मागत होता. दिली नाही." नव्या साहेबानं मघाचा चर्चेचा कागद पुढं ओढला. गजा उठला, तिघांच्या पाया पडला, शिपाई चुकू नये म्हणून त्याच्याही पडला. मागून आवाज आला, "कळवू."

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं. 'कळवू' ऐकून सुंदरानं हातातली सुपली खाली ठेवली. "मंग गेलंच म्हनायचं."

"गेलंच. पन आक्का, ते एक तू शिकवलं नव्हतंस. तुला काय इचारायचं हाय का, असं म्हनले."

"कोन म्हनले? साहेब?"

"हो."

"तुला? तू इचारायचंस, त्यांना?"

सुंदरा उंबऱ्यावर बसली. "मला आजवर कोनी इचारलंच नाय रं," ती म्हणाली. "मंग मी शिकवनार कुठनं?" गजा तिची सुपली घेऊन तांदूळ पाखडायला लागला आणि अर्धे अंगणात सांडले.

आता बघा गंमत. दसऱ्याच्या आत कारखान्यानं खरंच कळवलं. गजा लागला! भिवाजीनं गावभर पेढे वाटले, गोमाआजानं सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं, आणि ठरल्याप्रमाणे खालापूरचे पाहुणे टेंपोतून बघायला आले.

सुंदरा पाटावर बसली. चांगोच्या आईनं नाव विचारलं, चालायला लावलं, पोहे कुणी केले विचारलं. मग तिनं कप खाली ठेवला. "बरं, आता निगतो."

"थांबा," सुंदरा म्हणाली. "आता माजं."

भिवाजीनं चहाची बशी तोंडाजवळून खाली ठेवली. सुंदरानं सरळ चांगोकडे बघितलं. "माज्या आदी पोरी बघितल्या असतील तुमी. त्या का नाय जमल्या?"

"आमीच नाय म्हटलं," त्याची आई घाईघाईनं म्हणाली.

"नाय, आये," चांगो खाली बघत, अगदी आपल्या अंगठ्याला सांगितल्यासारखं बोलला. "त्यांनीच नाय म्हटलं. मी लय बोलत नाय म्हनून."

"खरं तरी बोलता," सुंदरा म्हणाली. तिनं रिकाम्या कपांचा ट्रे उचलला, आतल्या दारापर्यंत गेली आणि वळली. "बरं हाय. घरात इचार करून कळवू."

पाहुण्यांना उठावं की बसावं समजेना. भिवाजीनं कपाळाला हात लावला. शेवटी गजाच त्यांना पोचवायला टेंपोपर्यंत गेला. चांगोनं आईला आधी बसवलं आणि गजाला बाजूला ओढलं. बिचाऱ्याचं तोंड पार उतरलं होतं. "दादा, कळवू म्हनजे... गेलंच का रं?"

गजानं त्याच्या हाताला धरलं. "असं काय करतोस," तो म्हणाला. "मलाबी तेच म्हनले होते. आनी घेतलं."