चार तासांची हजेरी

आई त्याला लहानपणापासून चुळबुळ्या म्हणायची. लग्नानंतर बायकोला हे नाव कळलं तेव्हा तिनं ते आनंदानं उचललं, कारण दुसरं कुठलं नाव त्याला शोभलंच नसतं. माणूस एका जागी दहा मिनिटं बसेल तर शपथ! नीट बसलेलं झाकण उघडून पुन्हा लावणार, गॅस बंद केलाय ना ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर येणार. मोबाईल कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये अशा माणसाला नोकरी लागली यात कंपनीचं काही वाईट झालं नव्हतं. धडधाकट चालणाऱ्या यंत्राकडे दिवसभर संशयानं बघत बसायचाच तिथे पगार मिळतो.

गेले काही महिने मात्र त्याच्या चुळबुळीला खरंखुरं कारण होतं. बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं आणि हॉस्पिटलच्या यादीत तिचं नाव होतं. ते सरकत सरकत गेल्या महिन्यात पहिल्या नंबरावर आलं. नियम सोपा होता. कुणाची किडनी मिळाली की हॉस्पिटलच्या समन्वयक बाई फोन करणार, अर्ध्या तासात तीनदा. नाही लागला तर पुढच्या नावाला. किडनी कुणासाठी ताटकळत बसत नाही, असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

फॉर्मवर दोन नंबरांना जागा होती. चुळबुळ्यानं विचार करकरून एकच लिहिला. यंत्रांच्या खोलीत मोबाईल न्यायला बंदी, त्यामुळे त्याचा स्वतःचा फोन दिवसभर बाहेरच्या कपाटात कुलपात असायचा. ऑफिसच्या टेबलावरचा फोन चार जण उचलायचे आणि चौघंही निरोप विसरण्यात पटाईत. म्हणून त्यानं खास या कामासाठी नवा फोन आणि नवा नंबर घेतला, आणि घरी खिडकीजवळच्या फळीवर चार्जरला लावून ठेवला. बायकोचा जुना फोन बादलीत पडून वारला होता. त्यामुळे या फळीवरच्या फोनवर तिचाही हात जायचा, आणि एकदा गेला की तिच्या बहिणीच्या सासूचं सगळं चरित्र ऐकूनच परत यायचा.

त्या दिवशी सकाळी त्यावरूनच भांडण झालं.

"चाळीस मिनिटं! तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला असता तर?"

"तर मध्ये टुक्‌टुक्‌ वाजतं. कळतं मला."

"आणि नाही कळलं तर?"

"अरे, दिवसभर या चार भिंतींत मी बोलू कुणाशी? फळीशी?"

यावर गप्प बसायचं सोडून तो म्हणाला, "तुला जगायचंच नसेल तर तसं सांग."

बोलून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. पण तोंडातून सुटलेलं परत घेता येत नाही. बायकोनं फोन फळीवर ठेवला, अगदी हळू. "बरं," ती म्हणाली. "आता हात लावणार नाही. जा तू."

स्कूटरवरून जाताना त्याचं सगळं लक्ष त्या वाक्यावर हवं होतं. ते होतं टॉवरवर. घराजवळच्या टॉवरखाली बाजार होता आणि गेला आठवडाभर एक काळजी त्याला कुरतडत होती.

ती काळजी समजायला एक गोष्ट माहीत हवी. फळीवर पडलेला फोन आपल्याला गप्प वाटतो, पण तो अधूनमधून टॉवरला सांगत असतो की मी इथेच आहे. याला एक्स्चेंजमधली माणसं हजेरी म्हणायची. त्यांच्याकडे ती दर तासाला लागायची. आता हजेरी असो, मेसेज असो की कॉल जोडण्याआधीची बोलणी असोत, सगळ्यांना आत शिरायला टॉवरचं दार एकच, आणि तेही अरुंद. बाजार भरला की हजारभर फोनांची त्या दाराशी रेटारेटी व्हायची. नेमक्या त्याच क्षणी हॉस्पिटलचा फोन आला आणि दारात जागा नसली तर? असं हजारात एकदा घडलं असतं. पण चुळबुळ्याला उरलेले नऊशे नव्याण्णव कधी दिसलेच नव्हते.

नऊ वाजून पाच मिनिटांनी त्यानं त्या एका टॉवरची हजेरी एका तासाची चार तासांची करून टाकली. गर्दी कमी, दार मोकळं. खरं तर कुठलाही बदल करायचा तर चिठ्ठी लिहायची आणि त्यावर दोघांनी सही करायची, अशी तिथली पद्धत. पण दुसरी सही अण्णांची, म्हणजे शिफ्टच्या साहेबांची, आणि अण्णांनी पहिलाच प्रश्न विचारला असता, "हाच टॉवर का रे?" म्हणून त्यानं चिठ्ठी लिहिलीच नाही. आठवड्याभरात पहिल्यांदा त्याला चहा गोड लागला.

पावणेएकच्या सुमाराला अण्णा एक कागद हलवत आले.

"तुझ्या घराजवळच्या टॉवरची तक्रार आहे. घड्याळं दुरुस्त करणारा कुणीतरी. म्हणतो, फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण, पण लोक सांगतात तुमचा फोन बंद येतोय. गिऱ्हाइकं ओरडतायत."

"फोन खराब असेल त्याचा."

"मलाही तसंच वाटलं. पण तो म्हणतो, सकाळपासून फोन नुसता पडून होता, तेव्हा बंद येत होता. मीच बाहेर कुणालातरी फोन लावला, आणि लगेच सगळं ठीक."

चुळबुळ्याची बोटं कीबोर्डवर होती तिथेच थांबली. हजेरीची दुसरी बाजू त्याला आत्ता आठवली. दोन तासांत ज्या फोनचा काहीच आवाज नाही, त्याच्यापुढे एक्स्चेंज आपल्या वहीत 'गैरहजर' लिहून टाकतं. हे त्याला माहीत नव्हतं का? गेली नऊ वर्षं माहीत होतं, नव्या पोरांना तोच शिकवायचा. फक्त सकाळी नऊ वाजता ते त्याच्या डोक्यात नव्हतं, तिथे दुसरंच काही भरलेलं होतं. टॉवर फोनला सांगत होता, चार तासांनी बोल. एक्स्चेंज दोन तासांतच नाव खोडत होतं. जो फोन वापरात होता तो प्रत्येक कॉलला आपोआप पुन्हा हजर व्हायचा. जो शहाण्यासारखा गप्प पडून होता, तोच नेमका मेला होता.

घरच्या फोनला आज कुणी हात लावणार नव्हतं. तशी आज्ञाच होती.

घरच्या माणसांचे नंबर उघडून बघायचे नाहीत, हाही नियम होता. त्यानं तो मोडला. त्यानं नंबर घातला आणि ओळी पडद्यावर आल्या. अकरा वाजून दहा, गैरहजर. त्याखाली अकरा बावन्न, बारा एक, बारा वीस. तीन कॉल आणि तिन्हींपुढे हॉस्पिटलचा नंबर. तो त्याला आईच्या नावासारखा पाठ होता.

फोनची घंटी वाजण्याआधी केवढी बोलणी होतात! लावणाऱ्याचं एक्स्चेंज मोठ्या नोंदवहीला विचारतं, हा माणूस सध्या कुणाकडे? नोंदवहीत ज्या एक्स्चेंजचं नाव असतं, त्याला ती विचारते. ते आपली वही बघतं आणि माणूस हजर असला तर त्या भागातल्या सगळ्या टॉवरांवरून त्याच्या नावानं हाळी देतं. फोन हाळी ऐकतो, दार ठोठावतो, ओळख पटवतो, बोलणं कुणाला ऐकू जाऊ नये याची तजवीज करतो, आणि मग त्याला सांगतात की बाबा, तुला कुणीतरी बोलावतंय. तेव्हा कुठे घंटी. हे सगळं तीन-चार सेकंदांत उरकतं. हे तिन्ही कॉल वहीपाशीच संपले होते. हाळी दिलीच गेली नव्हती. फळीवरच्या फोनला काही कळलं नव्हतं, आणि मिस्ड कॉल म्हणूनही ते कधीच दिसणार नव्हते.

त्यानं टेबलावरच्या फोनवरून घरी लावला. बंद. त्यानं हजेरी परत एका तासावर आणली आणि पुन्हा लावला. बंद. पुढची हजेरी लागेपर्यंत तो बंदच येणार, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? शेजाऱ्यांचा नंबर फळीवरच्या त्याच फोनात होता. इतक्या मोठ्या जाळ्यावर बसलेल्या माणसाला स्वतःच्या घरी निरोप धाडता येईना. त्यानं हॉस्पिटलला लावला.

"तीनदा केला मी," समन्वयक बाई म्हणाल्या. "स्विच्ड ऑफ. पुढच्यांना कळवलंय, ते निघालेसुद्धा."

"बाई, आमचा फोन चालू होता. चूक आमच्या… चूक इकडची आहे."

"असेल. मला जे ऐकू आलं ते मी लिहिलं."

"ते अजून पोचले नसतील तर…"

"त्यांना अर्ध्या वाटेतून परत पाठवू का?" बाईंचा आवाज चढला नाही. "त्यांचं रक्त जुळतंय का ते बघायचंय. नाही जुळलं तर तुम्ही. तुमच्या पेशंटला घेऊन या. काही खायला देऊ नका."

अण्णा मागे उभे राहून पडदा वाचत होते.

"चिठ्ठी?" त्यांनी विचारलं.

"नाही लिहिली. अण्णा, हे मी केलंय."

"ते दिसतंय." अण्णांनी त्याची खुर्ची मागे ओढली. "आधी जा. शिव्या नंतर देतो."

बायको खिडकीपाशी फळीकडे तोंड करून बसली होती. तो धापा टाकत दारात उभा राहिला तेव्हा तिनं फोनकडे बोट दाखवलं. सकाळचा राग गेला होता, उलट थोडा तोराच होता.

"नाही आला फोन. मी इथून हललेसुद्धा नाही. बहिणीशी बोलावंसं खूप वाटलं, पण नाही लावला हात. विचार त्या फोनला."

"चल," तो म्हणाला. "हॉस्पिटलला जायचंय." एवढंच त्याला बोलता आलं. स्कूटरवर ती मागून दोनदा विचारत राहिली, "मिळाली का? अरे, मिळाली का?" आणि त्यानं वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही असं दाखवलं. इतका भ्याडपणा त्यानं आयुष्यात केला नव्हता.

हॉस्पिटलात तिचं रक्त घेतलं आणि दोघांना बाकावर बसवलं. समोरच्या बाकावर एक म्हातारी कापडी पिशवी छातीशी धरून बसली होती. तिचा मुलगा आत होता. शिंपी आहे, म्हणाली. आजारपणात मशीन विकायची पाळी आली होती, पण नाही विकलं. म्हातारीनं पिशवीतून बिस्किटं काढून बायकोपुढे धरली. उपाशी राहायचंय, असं बायकोनं सांगितल्यावर तिनं ती चुळबुळ्याच्या हातात कोंबली.

तो बिस्किटं धरून बसला होता आणि मनात म्हणत होता, त्या शिंप्याचं रक्त जुळू नये. त्यानं तो विचार तीनदा हाकलला आणि तीनदा तो परत आला. मग त्याला बसवेना. त्यानं बायकोला पाणी प्यायच्या नळापाशी नेलं आणि सगळं सांगितलं. दार, हजेरी, दोन तास, चार तास. काही लपवलं नाही.

तिनं नळाची ठिबकणारी तोटी घट्ट पिळून बंद केली.

"म्हणजे मी आज बहिणीला फोन केला असता तर?"

"तर वाजला असता."

"रोजच्यासारखा नुसता एक फोन."

"हो."

ती हसली. ते हसू त्याला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. "आजवर तुझं एकदा म्हणून ऐकलं मी," ती म्हणाली, "ते आज."

"मला मार. ओरड. काहीतरी कर."

"अंगात ताकद नाही रे." ती भिंतीला टेकली. "मला राग आलाय. इतका, की तुझ्याकडे बघवत नाही. आणि तुझ्यावाचून मला घरीही जाता येणार नाही. आता बाकावर बस जरा."

चारच्या सुमाराला दार उघडलं. नर्सनं म्हातारीला खुणेनं बोलावलं आणि म्हणाली, "जुळलं, आजी. सहीला या." मग ती या दोघांकडे वळली आणि मान हलवली. बस, एवढंच.

म्हातारी उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. पिशवी खाली पडली, ती बायकोनं उचलून दिली.

"बाई, तुझा फोन देतेस का घडीभर? लेकीला कळवायचंय. माझ्यातलं चार्जिंग संपलं."

निघताना चुळबुळ्यानं तो फोन फळीवरून उचलून खिशात टाकला होता. बायकोनं त्याच्यापुढे हात केला. त्यानं फोन दिला, आणि तिनं तो म्हातारीला दिला. म्हातारीला ऐकू कमी येत असावं, कारण ती आख्ख्या पॅसेजला ऐकू जाईल एवढ्यानं बोलत होती.

"जुळलं गं! हो, आत्ताच सांगितलं… अगं, आपला नंबर दुसराच होता. पहिल्यांचा फोन म्हणे बंद होता… काय माहीत कोण ते! बाईंनी नाव नाही सांगितलं. पण मी बसल्या बसल्या त्यांनाच आशीर्वाद देतेय. ज्यानं कुणी तो फोन बंद ठेवला, त्याचं भलं होवो."

चुळबुळ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बायको मात्र म्हातारीचं बोलणं संपेपर्यंत उभी राहिली. फोन परत घेतला, पदरानं त्यावरचा घाम पुसला आणि म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवला. "जा, आजी," ती म्हणाली, "सहीला थांबलेत ते."

दार बंद झालं. तो रडत होता, लहान मुलासारखा, आवाज करून. तिनं त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला उठवलं.

"चल. रडायचं ते घरी रड," ती म्हणाली. "उद्या सकाळी सातला डायलिसिस आहे माझं."