चौथ्या होलचे सहा फटके

मी एक जुना निकालफळा आहे. सध्या गवत कापायच्या यंत्रामागे भिंतीला टेकून उभा असतो. मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या फळ्यासारखाच मी काळा आहे. फक्त माझ्यावर अठरा अरुंद रकाने आखलेले आहेत आणि त्यांच्यापुढे तीन रुंद.

गोल्फच्या मैदानावर अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे खळगे, असतात. प्रत्येक होलला किती फटके लागले, ते अरुंद रकान्यांत लिहायचे. रुंद रकाने एकूण फटके, हँडिकॅप आणि निव्वळ फटके यांचे. मला घडवणाऱ्या सुताराला मधला रकाना पटला नव्हता.

"मारले तेवढे मारले. त्यात वजाबाकी कसली?"

निकाल लिहायला गणिताच्या निवृत्त शिक्षिका येत. सगळे त्यांना बाई म्हणत. त्या म्हणाल्या, "नातू तुमच्याशी शर्यत लावतो, तेव्हा त्याला चार पावलं पुढे उभं करता ना? तेच हे."

"आता तोच मला पुढे उभं करतो," म्हणत सुताराने शेवटचा खिळा ठोकला.

बाई प्रत्येकाच्या शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम आठ निवडत आणि त्यांवरून हँडिकॅप ठरवत. खेळ सुधारला की आकडा उतरे, सवलत कमी होई. एकूण फटक्यांतून हँडिकॅप वजा करून ज्याचे सर्वांत कमी उरतील, तो विजेता. स्पर्धेच्या दिवशी माझ्यासमोर उभं राहायला जागा नसे.

अठरा वर्षं मी एका शिंप्याचं नाव मिरवलं. सगळे त्याला मास्टर म्हणत. तो कधीच जिंकला नव्हता. त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया ठरली होती आणि नंतर अठरा होल चालायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती त्याची शेवटची स्पर्धा होती, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी बाईंनी लिहिलं: एकूण चौऱ्याण्णव, हँडिकॅप पंचवीस, निव्वळ एकोणसत्तर. दुसऱ्या क्रमांकावर दातांची डॉक्टरीण, एकाहत्तर. टाळ्या सुरू झाल्या. मास्टर चष्मा लावून माझ्याजवळ आला, एकेक रकाना वाचू लागला आणि चौथ्यापाशी थांबला.

"बाई, चौथ्यात माझे सहा होते. पाचव्यात चार. इथे उलट पडलंय."

खेळात एकाचं कार्ड सोबतचा खेळाडू लिहितो. मास्टरचं कार्ड त्याचा मित्र, औषधांचा दुकानदार, याने लिहिलं होतं. तो धावत आला. "अहो मास्टर, गप्प बसा की! बेरीज तर तीच येते!"

"चौथ्यात चेंडू पाण्यात गेला. तुम्ही पोट धरून हसलात."

"हसलो म्हणून तर चुकलो! शिक्षा मला करा ना, बाई!"

बाईंनी खडू खाली ठेवला. "कार्ड वाचून सही कोणी केली?"

"मी," मास्टर म्हणाला. "न वाचता."

नियम साधा आहे. सही केलेलं कार्ड देऊन टाकलं की दुरुस्ती नाही. एखाद्या होलला फटके जास्त लिहिले गेले, तर तेवढेच धरतात. खऱ्यापेक्षा कमी लिहिले गेले, तर कार्ड बाद.

"पण बेरीज..." दुकानदार पुन्हा बोटांवर मोजू लागला.

"दोन बाह्या उलटसुलट जोडल्या तरी कापड तेवढंच लागतं," मास्टर म्हणाला. "त्याला सदरा म्हणाल का? पुसा, बाई."

बाईंनी पुसलं. मला फडकं नेहमीचंच, पण त्या दिवशी ते फार हळू फिरलं. मग त्या म्हणाल्या, "मास्टर, बक्षीस गेलं. पण फेरी तुम्ही खरी खेळलात. हँडिकॅपसाठी ती धरणार." त्यांनी हिशेब केला आणि माझ्या उजव्या कोपऱ्यातल्या हँडिकॅपच्या यादीत, मास्टरच्या नावापुढे, पंचवीस खोडून चोवीस लिहिलं. अठरा वर्षांतला त्याचा सर्वांत चांगला आकडा.

मास्टर पुन्हा खेळला नाही, म्हणून तो आकडा बदललाही नाही. दुकानदार मात्र दर स्पर्धेला कार्ड दोनदा मोठ्याने वाचून दाखवी. लोक कंटाळत, तो थांबत नसे.

पुढे भिंतीवर संगणकाचा पडदा आला. तो बेरीज चुकत नाही, असं ऐकतो. मला इथे आणलं. गवताची धूळ बसते, ओल चढते.

मित्रांनो, सही करण्याआधी प्रत्येक रकाना वाचा, बेरीज जुळत असली तरी. आणि मला कधी धुवायला काढलंत, तर उजव्या कोपऱ्यावरून फडकं फिरवू नका.