पोलादी स्प्रिंग

लॉ कॉलेजातल्या सगळ्या दारांना एकाच कारखान्याचं यंत्र होतं. दार कितीही जोरात ढकला, शेवटच्या वीतभर अंतरावर ते दम खायचं आणि मग हळूच मिटायचं, कुणीतरी पाय न वाजवता आत आल्यासारखं. पेटंटचा कायदा शिकवणाऱ्या बाईंना त्या शांततेची भीती वाटायची. म्हणून त्यांच्या खोलीचं दार बारा वर्षं उघडंच होतं. खाली त्यांच्याच ग्रंथाची पहिली आवृत्ती खुपसलेली. त्या जाडजूड ग्रंथाचा एवढा उपयोग दुसऱ्या कुणाला झाला नसेल.

यंत्र मुळात बाईंच्या मामाचं. लहानपणी भाचीचं बोट दारात चेमटलं, तेव्हापासून खटपट करून त्याने ते बनवलं. पुढे पेटंटचा अर्ज लिहिला तो याच भाचीने, नुकतीच वकील झाली होती तेव्हा.

"परत ओढणारं काहीतरी, एवढंच लिही गं," मामा म्हणाला.

"मामा, कायद्यात असं मोघम चालत नाही." आणि तिने ऐटीत लिहिलं, पोलादी स्प्रिंग.

कारखान्याने रबराचा पट्टा लावला, बाकी यंत्र जसंच्या तसं उचललं. मामा कोर्टात गेला. काम तेच, रीत तीच, परिणाम तोच, म्हणजे ही नक्कलच, असं त्याचं म्हणणं. न्यायाधीशांनी विचारलं, पोलाद तुम्हीच लिहिलंत, मग रबर तुमचं कसं? मामा हरला, खचला, दोन वर्षांत गेला. भाचीला मात्र एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर फार बरं झालं असतं.

आज सहाव्या आवृत्तीची प्रुफं जायची होती. त्या निकालाखाली बाईंचं वाक्य पहिल्यापासून तेच: 'संशोधकाने स्वतःच्या चुकीने हक्क गमावला.'

दुपारी त्यांनी संपादकाला फोन लावला. "एक दुरुस्ती आहे. लिहून घ्या. 'अर्ज लिहिणाऱ्या वकिलाच्या, म्हणजे प्रस्तुत लेखिकेच्या चुकीने संशोधकाने हक्क गमावला. त्याने तिला आधीच सांगितलं होतं.'"

संपादकाने वाक्य परत वाचून दाखवलं. "बाई, लोक तुमच्याकडे अर्ज तपासून घ्यायला येतात. हे छापायचं?"

"छापा."

निघताना त्यांनी वाकून दाराखालचा ग्रंथ काढला. लहानपणी चेमटलेलं ते वाकड्या नखाचं बोट चौकटीवरच राहिलं होतं. दार आलं आणि वीतभर अंतरावर थांबलं, बोट काढून घ्यायला पुरेल इतकंच.

मामाने तेवढाच वेळ मोजून ठेवला होता.