दोन क्लिपांवरची दोन वर्षे

मित्रांनो, मागच्या काचेत चिपळ्यांची पिशवी ठेवलेली एक फिकट निळी मोटार तुम्ही सांगलीत कधी पाहिली असेल, तर ती मी. वयाने साठीच्या पुढची आहे. माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणी केव्हाच भंगारात गेल्या. मी मात्र देवाच्या दयेने अजून रस्त्यावर आहे, आणि तेही कीर्तनाच्या कामाला.

माझे मालक अनंतराव निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या पत्नी क्षमाताई कीर्तनकार. लग्नाला छत्तीस वर्षे झाली, पण ताईंचे एकही कीर्तन अनंतरावांनी चुकवले नव्हते. पुढच्या ओळीत, समईजवळ ते बसतात आणि दरवेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे डोळे पुसतात. मी बाहेर उभी राहून कर्ण्यावरून ऐकते. किती आख्याने माझ्या पत्र्यात मुरली आहेत म्हणून सांगू!

दोन वर्षांपूर्वी माझे मूळचे इंजिन थकले. लोक म्हणाले, विकून टाका. अनंतरावांनी ऐकले नाही. उंब्रजला हमरस्त्याच्या कडेला धनाजी मिस्त्रीचे गॅरेज आहे. त्याने अलीकडच्या एका गाडीचे इंजिन माझ्यात बसवले. या नव्या इंजिनाला पेट्रोल दाबाने पुरवावे लागते. म्हणून टाकीजवळ विजेचा पंप आला आणि माझ्या पोटाखालून नवी लोखंडी नळी पुढे गेली. ती जागोजागी क्लिपांनी चेसिसला घट्ट धरायची होती. दोन क्लिपा झाल्या आणि अनंतरावांनी घड्याळ पाहिले. त्याच संध्याकाळी मिरजेत ताईंचे कीर्तन होते.

“सर, आजून धा क्लिपा ऱ्हायल्यात,” धनाजी म्हणाला.

“पुढच्या आठवड्यात येतो रे.”

तो आठवडा काही उगवला नाही.

मी साठचा वेग घेतला की ती सैल नळी चेसिसवर आपटू लागे. टक्, टक्, टक्. दुसरा कोणी असता तर त्याने खाली वाकून पाहिले असते. आमचे अनंतराव म्हणाले, “क्षमा, ऐकलंस? गाडी टाळ धरतेय!” आणि त्या ठेक्यावर त्यांनी गजरच सुरू केला. पुढे कोणी पाहुणा बसला की मुद्दाम साठवर नेऊन त्याला ऐकवायचे. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मीही फुशारले. आपल्या दुखण्याचे कौतुक होऊ लागले की ते दुखणे वाटतच नाही.

यंदा कृष्णाबाईच्या उत्सवात वाईला ताईंचे कीर्तन ठरले होते, संध्याकाळी पाचला. आम्ही जेवणे आटोपून निघालो. उंब्रज आले आणि ताईंनी नाकाला पदर लावला.

“अहो, पेट्रोलचा वास येतोय.”

“जुनी गाडी आहे, क्षमा. थोडाफार यायचाच.”

“इतकी वर्षं बसतेय हिच्यात. हिचा वास मला ठाऊक आहे. आधी थांबवा बघू.”

नशीब, धनाजीचे गॅरेज समोरच दिसत होते. इंजिन बंद करून मला ढकलत तिथे नेले. धनाजीने बॅटरीची तार काढली, मला वर उचलले आणि नळीवरून बोट फिरवले. बोट ओले झाले. आपटून आपटून नळीला चीर गेली होती. त्यात ती लोंबून सायलेन्सरच्या तापल्या पाइपापासून चार बोटांवर आली होती. एखादा थेंब जरा वाकडा पडता, तर त्या दिवशी वाईला कोणीच पोचले नसते.

“मला वाटायचं, गाडी टाळ धरतेय,” अनंतराव हळूच म्हणाले.

“टाळ? आवं सर, बोंबलत हुती की ती! दोन वर्सं!”

“बरं, चुकलं माझं. आता जरा चिकटपट्टी गुंडाळून दे. पाचला वाई गाठायचीय.”

“न्हाई देणार. शिव्या घाला पायजे तर. पट्टीनं पेट्रोल थांबत न्हाई. तीन तास लागतील.”

अनंतरावांचा चेहरा उतरला. ताईंनी चिपळ्यांची पिशवी खांद्याला लावली. “मी एसटीनं पुढं होते. तुम्ही थांबा.”

“अगं, पण कीर्तन चुकेल माझं!”

“अर्धं चुकेल. गेल्या खेपेला इथून घाईनं नेलीत ना हिला? आता सावकाश आणा.”

ताई गेल्या. अनंतराव एका रिकाम्या डब्यावर बसले आणि धनाजीच्या हातात एकेक क्लिप देऊ लागले. नवी नळी या खेपेला सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने, चेसिसच्या आतून गेली. दर दोन वितींवर रबर लावलेली क्लिप. पत्र्याच्या भोकातून नळी जाई तिथे रबराचे कडे, म्हणजे पत्र्याची धार नळीला कापणार नाही. इंजिनाजवळ मात्र धनाजीने हातभर रबरी नळी जोडली.

“इथं लोखंडी का नाही?” सरांनी विचारले.

“इंजिन थरथरतंय, चेसिस थरथरत न्हाई. दोगांच्या मदी नरम माणूस पायजेच की.”

मग इंजिन चालू करून त्याने प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला. तेव्हा कुठे त्याने मला खाली उतरवले.

वाईत पोचलो तेव्हा पूर्वरंग संपून ताईंना बुक्का लावला जात होता. अनंतराव धावतच मंडपात शिरले. गजर थांबला आणि कर्ण्यावरून ताईंचा आवाज आला.

“अहो, तिथंच थांबा! हाताला पेट्रोल असेल, इथं समया तेवताहेत. आधी नळावर साबण लावून हात धुऊन या. तोवर मी आख्यान सुरू करत नाही.”

मंडपभर हशा पिकला. आणि खरोखरच ती सगळी माणसे, एका माणसाचे हात धुऊन होईपर्यंत, थांबली.

म्हणून सांगते, मित्रांनो, तुमच्या घरची सायकल असो, पाण्याचा पंप असो, त्यातून नवा आवाज आला तर आधी खाली वाकून पाहा. घाईपायी काम अर्धे सोडू नका. उशीर होईल, होऊ द्या. ज्यांना तुम्ही हवे आहात, ते आख्यान थांबवून ठेवतात.