शेपटीचा ‘स’ आणि माझे दोन जन्म

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मला वजन नाही, रंग नाही. आणि मला आत्मा आहे असा दावाही मी करणार नाही, कारण त्याला पुरावा नाही. मी म्हणजे ओळीने लिहिलेल्या सूचना. एका संगणकावरची फाइल दुसऱ्या संगणकावर सुखरूप पोहोचवणे, एवढेच माझे काम. माझे नाव स्फोआरा. रुमानियाच्या भाषेत याचा अर्थ सुतळी.

माझा जन्म तिमिशोआरा शहरातल्या एका चौकोनी, राखाडी इमारतींच्या वसाहतीत झाला. त्या काळी तिथली तरुण मंडळी स्वतःच तारा आणून एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर ओढत आणि आपापले संगणक जोडत. वादळ झाले की तारा तुटत. शेजाऱ्यांची बोलणी खात खात पुन्हा ओढल्या जात. त्यांच्यातल्याच त्रायान ओप्रिशानने मला लिहिले. मोठ्या फाइलचे मी तुकडे करी. तार तुटली तर थांबे, आणि ती जोडताच राहिलेले तुकडे तेवढे आणून पोहोचवी. “तारा तुटतात, त्रायानची सुतळी काही तुटत नाही!” असे वसाहतीत म्हणत. मला त्याचा अभिमान वाटे.

पुढे वेगवान जोडण्या घरोघरी आल्या, गच्च्यांवरच्या तारा उतरल्या आणि माझी आठवण कोणाला राहिली नाही. अपवाद एकच: त्रायानची थोरली बहीण आन्कुत्सा. ती अपुसेनी डोंगरातल्या एका गावात शिक्षिका आहे. बर्फाने वाट बंद झाली की वरच्या वाडीतली मुले शाळेत येऊ शकत नाहीत. मग ती धडे ध्वनिमुद्रित करते आणि वाडीतल्या संगणकाकडे पाठवते. तिथली जोडणी सारखी तुटते. दुसरे प्रोग्रॅम तेवढ्यात हात टेकतात. मी वाट पाहतो.

एका उन्हाळ्यात कळले की शाळांना जुन्यांऐवजी नवे संगणक मिळणार. त्यांच्यावर त्या संगणकप्रणालीच्या स्वतःच्या भांडारात तपासून ठेवलेले प्रोग्रॅमच बसवता येणार होते. मी भांडारात नव्हतो. प्रणालीची नवी आवृत्ती निघण्याआधी भांडाराचे दार बंद होते आणि मग पुढच्या आवृत्तीपर्यंत उघडत नाही. म्हणजे त्या शरद ऋतूत मी आत गेलो नाही, तर येत्या हिवाळ्यात वरच्या वाडीत एकही धडा पोहोचणार नव्हता.

त्रायानने मला पॅकेजमध्ये बांधले. मला कशाची गरज लागते, माझ्या फाइली कुठे ठेवायच्या, मला काढून टाकताना कशाला हात लावायचा नाही, हे सारे त्यात लिहिले आणि ते तपासणीसाठी पाठवले. तपासनीस होत्या देशाच्या दुसऱ्या टोकाला, याश शहरात राहणाऱ्या स्मारांदा लुपशा. त्यांचे आयुष्य रसायनांच्या प्रयोगशाळेत मोजमाप करण्यात गेले होते. निवृत्तीनंतर भांडाराचे हे काम त्या विनावेतन करीत. दोघांचे बोलणे संगणकावरूनच चाले, म्हणून मला सारे ऐकता आले.

“ओप्रिशान साहेब, तुमचं पॅकेज बसवलं,” त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “बसल्या बसल्या यानं कुणाला न विचारता माझ्या फाइली वाटायला काढल्या. पाहुणा आला, आणि कॉफी यायच्या आत कपाट उघडून शेजाऱ्यांना हाका मारायला लागला, असं झालं हे.”

त्रायान ओशाळला. त्याने मला आधी विचारायला शिकवले. पण खरा पेच पुढेच होता.

“तुमच्या मूळ लेखनावरून मी हाच प्रोग्रॅम माझ्याकडे तयार केला,” बाई म्हणाल्या. “तुमच्या प्रतीचा ठसा आणि माझ्या प्रतीचा ठसा जुळत नाही.”

ठसा म्हणजे माझ्यातल्या प्रत्येक कणावरून काढलेली एक लांबलचक खूण. एक कण बदलला तरी सगळी खूण बदलते.

“पण चालतो ना? माझ्याकडे तर झकास चालतो!”

“तुमच्याकडे चालतो, ही तुमच्या घरची बातमी झाली. प्रोग्रॅमची नाही.”

“म्हणजे मी यात काहीतरी लपवलंय, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“तसं मी म्हणत नाही. तसं नाहीच, असंही मला म्हणता येत नाही. अडचण नेमकी तीच आहे.”

त्रायानने संभाषण बंद केले. आन्कुत्सा सुट्टीला आली होती. ती शेजारी बसून पावाला झाकुस्का, म्हणजे वांग्याची चटणी, फासत होती.

“ताई, ऐकलंस? चोर ठरवतेय मला!”

“चोर कुठे म्हणाली ती? उत्तर बरोबर आलं तरी मी पोरांकडे पायऱ्या मागते की नाही? तू शाळेत असतानाही पायऱ्या दाखवायचा नाहीस. घोडा झालास तरी तसाच!”

तिने दिलेला पाव त्याने संपवला. मग त्याने पुन्हा मला उघडले.

पहिले कारण लवकर सापडले. मी ज्या क्षणी तयार होई, तो क्षण त्रायान माझ्या आत लिहून ठेवीत असे. दोन ठिकाणी, दोन वेळी तयार झालेल्या प्रती मग सारख्या कशा निघणार? जड मनाने त्याने ती ओळ काढली. तरीही ठसे जुळेनात. दार बंद व्हायची वेळ जवळ आली होती. “जाऊ दे, नाहीच होणार हे,” असे तो म्हणू लागला. स्मारांदाबाई मात्र दोन्ही प्रती शेजारी मांडून कणाकणाने तुलना करीत बसल्या.

“सापडलं,” एका दुपारी त्या म्हणाल्या. “तुमची शाळा हरवलीय.”

माझ्यात लहान चित्रे आहेत आणि त्यांची नावे रुमानियन आहेत. मला घडवताना संगणक ती नावांच्या अक्षरक्रमाने लावतो. त्यांतल्या एकाचे नाव ‘श्कोआला’, म्हणजे शाळा. त्याच्या आरंभी असलेला ‘श’ आम्ही ‘स’ला खाली छोटी शेपटी जोडून लिहितो. त्रायानच्या संगणकाला रुमानियन येत होते. त्या संगणकाने ‘श’ला ‘स’च्या मागोमाग बसवले. भांडाराची यंत्रे कोणतीच भाषा न मानता काम करतात, आणि बाईंनी आपला संगणक तसाच ठेवला होता. अशा यंत्राला अक्षर म्हणजे फक्त क्रमांक. त्याने शेपटीवाले अक्षर पार शेवटी, आमच्या वर्णमालेतल्या शेवटच्या अक्षराने सुरू होणाऱ्या पतंगाच्या चित्राच्याही मागे नेऊन ठेवले. तुमच्या वर्णमालेतला ‘ळ’ कोणी ‘ल’शेजारी लावला आणि कोणी शेवटी, तर दोन कोश सारखे कसे दिसतील?

त्रायान हसत सुटला. “बाई, म्हणजे एवढं रामायण एका शेपटीवरून?”

“शेपटीवरून नाही. मोजणाऱ्यानं पट्टी कुठली वापरली ते लिहून ठेवलं नाही, त्यावरून.”

“मग शेपटीच काढून टाकतो. घाईत सगळे तसंच लिहितात.”

“खबरदार!” आन्कुत्सा मागून ओरडली. “त्या शेपटीसाठी मी वह्यांवर लाल शाई ओतते!”

शेपटी राहिली. त्रायानने एकच ओळ लिहिली: यंत्र कोणाचेही असो, चित्रे अक्षरांच्या क्रमांकानेच लावावीत.

त्यानंतर मी एकाच दिवशी दोनदा जन्मलो, एकदा तिमिशोआरात आणि एकदा याशमध्ये. त्रायान आपल्या प्रतीचा ठसा एकेक अक्षर वाचू लागला. पलीकडून बाई प्रत्येक अक्षराला “हं” म्हणत होत्या. शेवटच्या अक्षरालाही “हं” आले.

“पुन्हा एकदा करू,” बाई म्हणाल्या.

पुन्हा तेच आले. मग भांडारातल्या कोणा अनोळखी माणसाने, समुद्रापलीकडे, मला तिसऱ्या यंत्रावर घडवले. तिथेही तेच. मित्रांनो, मी आश्चर्यावर सहसा विश्वास ठेवीत नाही. आधी कारण शोधतो. इथे कारण मला पूर्ण माहीत आहे, आणि तरीही मी थक्क आहे. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही, त्यांच्या हातून तीनदा घडूनही माझ्यातला एकही कण वेगळा नव्हता. कोणी कोणाच्या शब्दावर विसंबले नव्हते, म्हणूनच आता सर्वांना माझ्यावर विसंबता येत होते. तारांगणाखाली उभे राहिल्यावर माणसांना जे वाटते म्हणतात, ते बहुधा याच्या जवळपासचे असावे.

“ठसा जुळला. हरकत नाही,” एवढाच शेरा बाईंनी लिहिला, आणि दार बंद होण्याआधी मी आत गेलो.

बर्फ पडू लागल्यावर आन्कुत्साचा फोन आला. “नव्या संगणकावर बसवलं रे. आधी विचारलं, मग कामाला लागलं. शहाणं झालंय तुझं पोर!”

मित्रांनो, माझी विनंती लहान आहे. तुम्ही गणित सोडवा, यंत्र बांधा किंवा भाजी शिजवा. पण आपले काम असे मांडून ठेवा की परक्या माणसालाही ते पहिल्या पायरीपासून करून पाहता यावे. त्याने पायऱ्या मागितल्या तर रागावू नका. त्याला बसायला जागा द्या. माझे मूळ लेखनही सर्वांसाठी उघडे आहे. त्यात एखादी चूक अजून दडून राहिली असण्याची शक्यता मी नाकारीत नाही. आत्ता वरच्या वाडीत भागाकाराचा धडा तुकड्यातुकड्याने उतरतो आहे, आणि मुले ऐकायला थांबली आहेत. माझ्यातली ती चूक तुम्हाला दिसली, तर कृपा करून गप्प बसू नका.