पारा उतरला

माझी बायको सुभद्रा गेली, हे मला दोनदा कळलं. पहिल्यांदा कळलं ते खोटं होतं.

प्लेगच्या साथीचं पहिलंच वर्ष. तिला जांघेत गाठ आली आणि डोलीतून इस्पितळात नेलं. आम्हाला कुंपणाबाहेर थांबावं लागे. सकाळी इस्पितळातला नोकर धोंडू येऊन एकेकाचं नाव घेई आणि खबर सांगे. पाचव्या दिवशी तो माझ्याकडे बघून ओरडला, "सुभद्राबाईंचा पारा उतरला!"

मी गिरगावात आरशांच्या कारखान्यात आहे. काचेमागचा पारा सुटला की आरसा मेला, पुन्हा त्यात तोंड दिसत नाही. आमच्यातलं कोणी वारलं तरी आम्ही तेच म्हणतो, त्याचा पारा उतरला. ताप मोजायच्या नळीत पारा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी काही विचारलं नाही. तेव्हा तिथून प्रेत घरी मिळत नसे. मी चौपाटीवर गेलो, समुद्रात बुडी मारली आणि ओल्या धोतरानंच करी रोडच्या खोलीवर येऊन पडलो. निम्मी चाळ कोकणात पळाली होती. विचारायला कोणी आलं नाही.

तीन दिवस मी जागा होतो की झोपलेला, सांगता येत नाही. खोलीभर पारा पसरला होता. त्यावर माझा हातोडा तरंगत होता, चिमटा तरंगत होता. लोखंड पाऱ्यावर तरंगतं, हे खरंच आहे. सुभद्रा त्यावरून अनवाणी चालत होती आणि तिचे पाय ओले होत नव्हते.

लग्नानंतर एकदा मी तिला दाखवायला बाटलीतून थोडा पारा आणला होता. काचेच्या बशीत ओतला.

"अहो, हे पाणी की चांदी?"

"धातू आहे. बोट लाव, ओलं होणार नाही. सोनं तेवढं लावू नकोस, पांढरं पडतं."

"आधी सोनं आणा, मग पांढरं पडेल."

मी तिला सांगितलं, लोखंड, तांबं, शिसं, कथील, सगळे आपापल्या जागी घट्ट बसतात. त्यांना पातळ करायचं तर आगीवर धरावं लागतं. हा एकटा घरच्या हवेतच वितळलेला.

"म्हणजे याला जन्माचा ताप आहे," ती म्हणाली. "उतरला तर बिचारा एका जागी बसेल."

"आमचे रघुवीरशेट सांगतात, बर्फाच्या मुलखात बसतो म्हणे. हातोड्यानं ठोकता येतो."

"नको बाई. पळू दे त्याला." तिनं बशी कलती केली आणि पारा धावला. मग म्हणाली, "साऱ्या मुंबईला आरसे करता, मी मात्र घागरीत तोंड बघते."

त्या तीन दिवसांत ती हेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी म्हणत होतो, करतो, करतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या गंगुबाईनं दार वाजवलं. तिची मुलगी मालन त्याच इस्पितळात होती. मालन बरी झाली म्हणून ती तिला घरी घेऊन आली होती.

"कुशाबा, मेल्या, होतास कुठे?"

"सुतकात."

"कोणाच्या?"

मी सांगितलं. ती उंबऱ्यातच बसली.

"अरे, ताप उतरला होता तिचा. त्या दिवशी पेज मागून प्याली. मालन शेजारच्याच खाटेवर होती. रोज विचारायची म्हणे, आमचे हे आले का गं कुंपणाशी? काल पुन्हा ताप चढला. आज सकाळी गेली."

"धोंडू म्हणाला, पारा उतरला."

"उतरलाच होता रे," गंगुबाई म्हणाली.

मी उठून पुन्हा आंघोळ केली.

आता कारखान्यात जातो. तिच्यासाठी वीतभर आरसा करायला घेतला होता. कथलाचा पातळ पत्रा फरशीवर अंथरून, हातानं सारखा केलेला आहे. काच पुसून ठेवली आहे. पारा ओतायचा राहिला आहे.